डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंवर संशोधन करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका, जपानी मेंदूज्वर अशा विषाणूंवर काम करू इच्छिणारे विद्यार्थी, दुसऱ्या शाखेतून इकडे वळणारे संशोधक आणि या कामाबद्दल कुतूहल असलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या क्षेत्रात नेमका कशाचा अभ्यास होतो? मलेरिया त्यात येतो का?

मलेरिया डासांमुळेच पसरतो, पण तो प्लाझमोडियम या एकपेशीय परजीवीमुळे होतो; म्हणून तो या क्षेत्रात येत नाही. येथे अभ्यास होतो तो डासाच्या आणि पृष्ठवंशीय प्राण्याच्या, अशा दोन्ही शरीरांत वाढू शकणाऱ्या विषाणूंचा. डेंग्यू, झिका, पीतज्वर, वेस्ट नाइल आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू फ्लॅव्हिव्हायरस गटातले आहेत, चिकुनगुनियाचा विषाणू अल्फाव्हायरस गटातला आहे आणि रिफ्ट व्हॅली ज्वराचा विषाणू या दोन्हींहून वेगळ्या कुळातला आहे.

दोन इतक्या भिन्न शरीरांत जगण्याची सक्ती हे या विषाणूंचे वैशिष्ट्य आहे. माणसाच्या शरीराचे तापमान जवळजवळ स्थिर असते, तर डासाचे तापमान भोवतालच्या हवेबरोबर बदलते. दोघांच्या प्रतिकारयंत्रणाही वेगळ्या असतात. माणसात हा संसर्ग बहुधा काही दिवसांत आटोपतो, पण डासात तो सहसा त्याच्या मरेपर्यंत टिकतो. त्यामुळे विषाणू, डास आणि यजमान (ज्याला संसर्ग होतो तो माणूस किंवा प्राणी) या तिघांपैकी एकाकडेच पाहणारा संशोधक कितीही हुशार असला, तरी त्याचे निष्कर्ष अपुरे राहतात, असे माझे ठाम मत आहे. पुढील बहुतेक उत्तरांत त्याची उदाहरणे येतील.

२. मी डॉक्टर नाही. कोणत्या विषयातली पदवी असल्यास या क्षेत्रात येता येते?

वैद्यक, पशुवैद्यक, सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र, कीटकशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि संख्याशास्त्र या सर्व शाखांतून माणसे येथे येतात. कोणत्या शाखेतून आलात यापेक्षा शेजारच्या शाखेतील माणसाचे म्हणणे समजून घेण्याची तयारी तुमच्यात आहे का, हे जास्त महत्त्वाचे ठरते.

१९९९ साली न्यूयॉर्कमध्ये घडलेला प्रसंग या संदर्भात प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावा. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात शहरात मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आणि रक्तचाचण्यांवरून सेंट लुईस मेंदूज्वराचे निदान जाहीर झाले. त्याच काळात शहरात कावळे मोठ्या संख्येने मरत होते, आणि ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयातील पक्षीही दगावू लागले. तेथील पशुवैद्यक विकृतिशास्त्रज्ञ ट्रेसी मॅकनामारा यांना हे खटकले, कारण सेंट लुईस मेंदूज्वराच्या विषाणूने पक्षी असे मरत नाहीत. पक्ष्यांचे आणि माणसांचे आजार एकाच कारणाचे असू शकतात, हा मुद्दा त्यांनी लावून धरला. अखेरीस तो वेस्ट नाइल विषाणू असल्याचे सिद्ध झाले. अमेरिका खंडांत तो तोपर्यंत कधीच आढळला नव्हता. पहिले निदान का चुकले, याचे कारण सातव्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

३. पीएचडीला किती वर्षे लागतात?

देश आणि विद्यापीठ यांनुसार कालावधी बदलतो, पण चार ते सहा वर्षे धरून चालावे. क्षेत्रीय काम (प्रयोगशाळेबाहेर, डास असतात तेथे जाऊन केलेले) असेल तर डासांचा हंगाम हा वेळापत्रकाचा खरा मालक असतो: परवानगी उशिरा मिळाल्यामुळे एक हंगाम हुकला, तर पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागते. म्हणून प्रबंधाचा किमान एक भाग हंगामावर अवलंबून नसलेला असावा, असा सल्ला मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला देतो.

४. रोजचे काम कसे असते?

बाहेरून वाटते त्याहून ते बरेच अधिक हातांचे आणि कमी नाट्यमय असते. कीटकगृहात आळ्यांना वेळेवर अन्न द्यावे लागते, कोश वेगळे करावे लागतात, प्रौढ डासांना साखरपाणी आणि माद्यांना पातळ पडद्यामागून कोमट रक्त पुरवावे लागते. क्षेत्रातून आणलेले डास थंड पृष्ठभागावर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली जातीनुसार वेगळे करणे हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. अनुभवी कीटकशास्त्रज्ञाशेजारी बसूनच ते शिकावे लागते. अशी माणसे आता कमी होत चालली आहेत आणि त्यांच्या पदांकडे दुर्लक्ष होते, याची मला मनापासून चिंता वाटते.

प्रयोगशाळेत पेशी संवर्धनाचे काम सतत चालू असते. आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार झालेल्या व्हेरो पेशी आणि एडिस अल्बोपिक्टस डासाच्या सी६/३६ पेशी यांच्याशी तुमचा रोजचा संबंध येईल. सी६/३६ चे मूळ पुण्यात आहे: तेथील विषाणू संशोधन केंद्रात के. आर. पी. सिंह यांनी १९६७ साली या डासाच्या आळ्यांपासून पेशीमालिका तयार केली आणि तिच्यातूनच अकिरा इगाराशी यांनी १९७८ साली सी६/३६ हा वाण निवडला. या पेशींत डेंग्यू आणि चिकुनगुनियाचे विषाणू भरभरून वाढतात. मात्र विषाणूचा आरएनए (त्याचे जनुकीय द्रव्य) तोडणारी डासाची यंत्रणा त्यांच्यात नीट चालत नाही, हे नंतर स्पष्ट झाले. म्हणून या पेशींत मिळालेल्या निकालावरून जिवंत डासाबद्दल थेट अनुमान काढू नये.

याखेरीज वाचन, आकडेमोड, नैतिक समितीचे अर्ज आणि शीतपेट्यांमधील नमुन्यांच्या नोंदी यांत बराच वेळ जातो. नोंदी काटेकोर ठेवणाऱ्या संशोधकाचे नमुने दहा वर्षांनंतरही कामाला येतात.

५. एखाद्या डासात विषाणू सापडला, म्हणजे ती जात रोग पसरवते असे सिद्ध होते का?

होत नाही, आणि या एका गैरसमजामुळे पुष्कळ शोधनिबंध कमकुवत झाले आहेत. नुकतेच रुग्णाचे रक्त प्यालेल्या कोणत्याही डासाच्या पोटात विषाणूचा आरएनए सापडू शकतो. डास ही इंजेक्शनची सुई नव्हे. विषाणूला आधी त्याच्या मध्यांत्राच्या (आतड्याच्या मधल्या भागाच्या) पेशींत शिरून वाढावे लागते, तेथून बाहेर पडून शरीरभर पसरावे लागते आणि शेवटी लाळग्रंथी गाठून लाळेत उतरावे लागते. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर तो अडू शकतो. डेंग्यूच्या बाबतीत या प्रवासाला उबदार हवेत साधारण ८ ते १२ दिवस लागतात. तापमान वाढले की हा काळ घटतो. मादी त्याआधीच मेली, तर संसर्ग पुढे जात नाही. एचआयव्ही डासांमार्फत पसरत नाही, त्याचेही कारण हेच आहे: तो डासाच्या शरीरात वाढतच नाही.

प्रयोगात हे तपासण्याची रूढ पद्धत अशी: डासांना विषाणूयुक्त रक्त पाजायचे, ठरावीक दिवस थांबायचे, मग धड, पाय व पंख आणि लाळ यांची वेगवेगळी तपासणी करायची. लाळ मिळवण्यासाठी पाय आणि पंख काढलेल्या डासाची सोंड बारीक काचनळीत घालतात. लाळेत जिवंत विषाणू मिळाला, तर ती जात संसर्ग पोचवण्यास सक्षम आहे एवढेच ठरते. ती जात माणसाला चावते का, पुरेशी जगते का, तिची संख्या किती आहे आणि रोगाच्या काळात ती तेथे असते का, या गोष्टी क्षेत्रातच पाहाव्या लागतात. प्रयोगशाळेत सक्षम ठरलेली जात प्रत्यक्षात नगण्य असू शकते. उलट, मध्यम सक्षमतेची पण माणसालाच चावणारी आणि घरातच राहणारी एडिस इजिप्ती मोठ्या साथी घडवते.

६. प्रयोगशाळेत स्वतःला संसर्ग होण्याचा धोका किती असतो?

या क्षेत्राच्या सुरुवातीच्या इतिहासात तो फार मोठा होता. पीतज्वर डासांमुळे पसरतो, हा विचार कार्लोस फिनले यांनी १८८१ साली हवानात मांडला आणि वॉल्टर रीड यांच्या आयोगाने १९०० साली तो सिद्ध केला. त्या कामातच आयोगाचे सदस्य जेसी लॅझियर पीतज्वराने गेले. १९२७ साली एड्रियन स्टोक्स आणि १९२८ साली हिदेयो नोगुची हे पश्चिम आफ्रिकेत संशोधन करताना याच रोगाने मृत्युमुखी पडले. माक्स थेलर यांनाही प्रयोगशाळेत संसर्ग झाला होता. ते वाचले, पुढे १७डी ही पीतज्वराची लस त्यांच्या हातून घडली आणि त्या कार्याबद्दल त्यांना १९५१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज परिस्थिती पूर्णपणे वेगळी आहे. कोणता विषाणू कोणत्या जैवसुरक्षा पातळीवर हाताळायचा, हे प्रत्येक देशाच्या नियमांनी ठरते. संसर्गित डासांच्या खोल्यांना एकामागोमाग एक दारे, जाळ्या आणि पांढऱ्या भिंती असतात, आणि आत नेलेला प्रत्येक डास मोजून त्याचा हिशेब लावला जातो. पीतज्वर आणि जपानी मेंदूज्वर यांवर काम करणाऱ्यांना लस उपलब्ध आहे. बहुतेक अपघात सुई टोचणे किंवा घाईत एखादी पायरी गाळणे यांतून होतात. गरोदरपणात झिकावर काम करू नये, आणि ही गोष्ट प्रमुखाला सांगण्यात संकोच वाटणार नाही असे वातावरण ठेवणे ही प्रमुखाची जबाबदारी आहे.

७. रक्तचाचणी केली की विषाणू कोणता हे कळायला हवे. मग निदानात इतका गोंधळ का होतो?

कारण फ्लॅव्हिव्हायरस गटातील विषाणूंची बाह्य प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यालाही चिकटतात. पूर्वी डेंग्यू झालेल्या माणसाला झिका झाला, तर चाचणी दोन्हींसाठी होकारार्थी येऊ शकते. सेंट लुईस मेंदूज्वराचा विषाणूही याच गटातला असल्याने १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये पहिले निदान याच कारणाने चुकले. विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी अधिक नेमकी असते, पण रक्तात तो सहसा आजाराच्या पहिल्या काही दिवसांतच मिळतो, आणि रुग्ण अनेकदा त्यानंतर येतात.

प्रतिपिंडे जिवंत विषाणूला किती रोखतात हे मोजणारी प्लाक न्यूट्रलायझेशन चाचणी तुलनेने अधिक विश्वसनीय मानली जाते. तिला वेळ, जिवंत विषाणू आणि कुशल हात लागतात. शिवाय एकापेक्षा अधिक फ्लॅव्हिव्हायरसचे संसर्ग होऊन गेलेल्या व्यक्तीत तीही निर्णायक ठरत नाही. म्हणून जुने रक्तसर्वेक्षण वाचताना कोणती चाचणी वापरली होती, हे आधी पाहावे.

८. डेंग्यूवर इतक्या वर्षांपासून संशोधन होत आहे, तरी सर्वांसाठी लस का नाही?

डेंग्यूचे चार उपप्रकार आहेत. एकाचा संसर्ग झाल्यावर त्याविरुद्ध दीर्घकाळ संरक्षण मिळते, पण इतर तिघांविरुद्ध ते थोडाच काळ टिकते. त्यानंतर दुसऱ्या उपप्रकाराचा संसर्ग झाला, तर पहिल्या वेळची प्रतिपिंडे विषाणूला रोखण्याऐवजी त्याला काही रक्तपेशींत शिरायला मदत करू शकतात आणि आजार अधिक तीव्र होऊ शकतो. स्कॉट हालस्टेड यांनी १९६० च्या दशकात बँकॉकमधील मुलांच्या निरीक्षणांवरून या विचाराची पायाभरणी केली. त्याला दीर्घकाळ विरोध झाला. आज मोठ्या समूहांच्या अभ्यासांनी त्याला भक्कम आधार दिला आहे.

लसीचे कोडे यातूनच निर्माण होते: चारही उपप्रकारांविरुद्ध संतुलित संरक्षण मिळाले नाही, तर लस पहिल्या संसर्गासारखे काम करू शकते. डेंगव्हॅक्सिया या लसीला डिसेंबर २०१५ पासून काही देशांत मान्यता मिळाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादक कंपनीनेच जाहीर केले की आधी डेंग्यू न झालेल्यांना लस दिल्यावर पुढे संसर्ग झाला, तर तीव्र आजाराचा धोका वाढतो. तोपर्यंत फिलिपिन्समध्ये लाखो शाळकरी मुलांना ती दिली गेली होती. तेथे लसींवरील विश्वासाला बसलेल्या धक्क्याचे परिणाम इतर रोगांच्या लसीकरणावरही झाले. त्यानंतरच्या क्यूडेंगा लसीचे निकाल अधिक आश्वासक आहेत, परंतु आधी संसर्ग न झालेल्यांमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या उपप्रकाराविरुद्ध तिचा प्रभाव पुरेसा सिद्ध झालेला नाही.

प्राणी प्रारूपाचीही अडचण आहे. साध्या उंदरांना डेंग्यू नीट होत नाही, म्हणून इंटरफेरॉनला (शरीराच्या विषाणूविरोधी प्रथिनांना) प्रतिसाद न देणारे उंदीर वापरतात; प्रतिकारशक्तीचा मोठा भागच नसलेल्या प्राण्यावरून लसीचा अंदाज बांधणे अवघड असते. या विषयात येणाऱ्याने काही वर्षांत लस तयार करू, अशी आशा धरून येऊ नये. प्रतिपिंडे कधी राखतात आणि कधी घात करतात, हा प्रश्न ज्याला अस्वस्थ करतो, त्याने मात्र जरूर यावे.

९. कारकिर्दीसाठी प्रसिद्ध विषाणू निवडावा की दुर्लक्षित?

झिकाचा इतिहास पाहा. एप्रिल १९४७ मध्ये युगांडातील झिका जंगलात पीतज्वराच्या अभ्यासासाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या ७६६ क्रमांकाच्या ऱ्हीसस माकडाला ताप आला आणि त्याच्या रक्तातून एक नवा विषाणू मिळाला. पुढच्या वर्षी तो तेथील एडिस आफ्रिकानस डासांतही सापडला, आणि १९५२ साली डिक, किचन आणि हॅडो यांनी हे काम प्रसिद्ध केले. त्यानंतर जवळजवळ ६० वर्षे माणसांतील नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. मग २००७ साली प्रशांत महासागरातील याप बेटावर, २०१३ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात आणि २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये साथी आल्या, नवजात बालकांत लहान डोक्याचे प्रमाण वाढले आणि १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. तेव्हा जगाला आधार मिळाला तो जंगलात डास मोजत बसलेल्या त्या जुन्या संशोधकांच्या नोंदींचा.

तरीही तरुण संशोधकाने केवळ दुर्लक्षित विषाणूवर सगळी कारकीर्द लावावी, असे मी सांगणार नाही. त्याला पगार आणि पद मिळवायचे असते, आणि निधीचे वास्तव कठोर आहे (प्रश्न १२). ज्याच्यासाठी निधी मिळतो अशा विषाणूवर मुख्य काम करावे आणि त्याच पद्धती वापरून एका कमी परिचित विषाणूची ओळख सोडू नये, हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

१०. एकच जनुकीय बदल मोठी साथ घडवू शकतो का?

घडवायला मदत करू शकतो, पण एकट्याने नाही. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातील रीयुनियन बेटावरील सुमारे एकतृतीयांश लोकांना चिकुनगुनिया झाला. तेथे एडिस इजिप्ती दुर्मीळ होती. साथ पसरवली ती एडिस अल्बोपिक्टसने. साथीच्या काळात विषाणूच्या ई१ प्रथिनात २२६व्या जागी अॅलनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आले, आणि या बदलामुळे विषाणू एडिस अल्बोपिक्टसमध्ये कितीतरी सहज वाढतो, हे २००७ साली प्रयोगांनी दाखवले. एडिस इजिप्तीमध्ये त्याचा तसा फायदा दिसला नाही.

आता दुसरी बाजू. २००६ साली भारतात आलेल्या मोठ्या साथीच्या सुरुवातीच्या विषाणूंत हा बदल नव्हता, कारण तेथे मुख्य वाहक एडिस इजिप्ती होती. आशियात आधीपासून असलेल्या चिकुनगुनियाच्या जुन्या वंशात तर हा बदल घडूनही उपयोग होत नाही, कारण त्याच प्रथिनातील ९८व्या जागेवरचा फरक त्याचा परिणाम दाबून टाकतो. म्हणजे एकाच बदलाचे मोल वाहक कोणता आणि विषाणूचा वंश कोणता यांवर ठरते. नुसते जनुकीय अनुक्रम वाचून साथीचे भाकीत करणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावे.

११. डासच नष्ट केले तर या संशोधनाची गरज उरेल का?

विसाव्या शतकाच्या मध्यावर दक्षिण आणि मध्य अमेरिकेतील अनेक देशांनी एडिस इजिप्तीचे जवळजवळ उच्चाटन केले होते. मोहिमा सैल पडताच ती परतली. आजचा अधिक आशादायक मार्ग डासांची संख्या शून्यावर आणण्याचा नाही. फळमाशीतील वोल्बाकिया हा जिवाणू एडिस इजिप्तीमध्ये बसवला, की तिच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही आणि जिवाणू अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. इंडोनेशियातील योग्यकार्ता शहरात यादृच्छिक विभागणी करून घेतलेल्या चाचणीचे निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाले: असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. या कामामागे डासाच्या गर्भात जिवाणू टोचण्याचे अनेक वर्षांचे चिकाटीचे प्रयत्न आहेत. प्रत्येक हवामानात ही पद्धत किती टिकते आणि विषाणू तिच्याशी जुळवून घेईल का, हे प्रश्न संशोधनासाठी खुले आहेत.

१२. साथ ओसरली की निधीही आटतो, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

खरे आहे. साथीच्या वेळी आलेले पैसे दोन-तीन वर्षांत संपतात, आणि याच काळात घडवलेली माणसे दुसऱ्या क्षेत्रात निघून जातात. ज्या प्रयोगशाळा टिकतात, त्यांच्याकडे सहसा एक तरी दीर्घकालीन नमुनासंग्रह किंवा लोकसमूहाचा चालू अभ्यास असतो.

१३. माझा विषय गणित आणि संगणक आहे. मला येथे स्थान आहे का?

नक्कीच. साथींची प्रतिमाने, रोगाच्या व्याप्तीचे अंदाज आणि विषाणूंच्या वंशावळी हे सगळे तुमचे काम आहे. डेंग्यूचे जगभरात वर्षाला सुमारे ३९ कोटी संसर्ग होतात आणि त्यांपैकी सुमारे ९.६ कोटींनाच लक्षणे दिसतात, हा २०१३ सालचा बहुपरिचित अंदाज अशाच कामातून आला. विनंती एवढीच, की प्रतिमान बांधण्यापूर्वी एक हंगाम क्षेत्रीय चमूबरोबर घालवा. सापळ्यात डास न सापडण्याची कारणे किती असतात, हे तेथेच कळते.

१४. दुसऱ्या देशातील नमुने मागवून काम करता येते का?

येते, पण परवानग्यांना वेळ लागतो. २०१० साली स्वीकारलेला आणि २०१४ साली अमलात आलेला नागोया करार जैविक साधनसंपत्तीच्या वापरातून होणारा लाभ मूळ देशाला मिळावा असे सांगतो. त्याशिवाय रुग्णाची संमती, दोन्हीकडच्या नैतिक समित्या, आयातपरवाना आणि नमुने हस्तांतराचा करार लागतो. कायद्यापलीकडचा मुद्दा श्रेयाचा आहे. नमुने गोळा करणाऱ्या चमूतील माणसे निबंधाच्या लेखकांत नसतील, तर तो सहभाग नव्हे, ती उचलेगिरी आहे.

१५. मलेरिया पसरवणारा अॅनॉफिलीस डास विषाणू पसरवत नाही, आणि डासाविना हे विषाणू पसरत नाहीत, हे दोन्ही नियम पक्के आहेत का?

दोन्हींना अपवाद आहेत. ओ'न्योंग-न्योंग हा चिकुनगुनियाचा जवळचा नातलग १९५९ साली युगांडात मोठी साथ घेऊन आला, आणि त्याचे मुख्य वाहक अॅनॉफिलीस जातीचेच डास आहेत. झिका लैंगिक संबंधातून आणि आईकडून गर्भाला पोचतो. वेस्ट नाइल रक्तसंक्रमणातून आणि अवयव प्रत्यारोपणातून पसरल्याचे २००२ साली दिसून आले. तसेच प्रत्येक संसर्गित माणूस साखळी पुढे नेत नाही: वेस्ट नाइल आणि जपानी मेंदूज्वर यांत माणसाच्या रक्तात विषाणू इतका कमी असतो की त्याला चावलेला डास संसर्गित होत नाही. तेथे साखळी पक्षी, आणि जपानी मेंदूज्वरात डुकरेही, चालू ठेवतात.

१६. आमच्या प्रयोगशाळेत नकारार्थी नियंत्रण (चाचणीत नकारार्थीच यायला हवा असा तुलनेचा नमुना) म्हणून आम्ही स्वतःचेच रक्त वापरतो. मी पीतज्वराची लस घेतली आहे. ते चालेल का?

फ्लॅव्हिव्हायरसच्या प्रतिपिंड चाचणीसाठी चालणार नाही. पीतज्वर किंवा जपानी मेंदूज्वराच्या लसीने तयार झालेली प्रतिपिंडे डेंग्यू आणि झिकाच्या चाचण्यांत अंशतः प्रतिसाद देऊ शकतात (प्रश्न ७), आणि मग तुमच्या चाचणीची होकार-नकाराची सीमारेषाच चुकीच्या जागी बसते. लक्षणांविना होऊन गेलेला डेंग्यू तर तुम्हाला ठाऊकही नसतो. चिकुनगुनिया वेगळ्या गटातला असल्याने त्याच्या चाचणीत या लसींची अडचण सहसा येत नाही. नियंत्रण नमुने हे विषाणू कधीच न पसरलेल्या प्रदेशातील, लस न घेतलेल्या व्यक्तींचे असावेत, आणि सहकाऱ्याचे रक्त घ्यायचे झाले तरी लेखी संमती व समितीची मान्यता आधी घ्यावी; विद्यार्थ्याला प्रमुखापुढे नकार देणे अवघड जाते, म्हणून हा नियम प्रयोगशाळेच्या आत अधिकच काटेकोरपणे पाळावा.